पाकिटावर जालापेन्यो, रोपाला भलतीच मिरची! मग तिची खरी जात ओळखायची कशी?

२०२३ चा उन्हाळा. अमेरिकेत घरच्या बागेत भाजीपाला लावणारे लोक चक्रावून गेले होते. त्यांनी बियाणं आणलं होतं जालापेन्योचं. म्हणजे पिझ्झावर जिच्या चकत्या असतात ती जाड सालीची, गडद हिरवी मिरची. रोपं जोमानं वाढली, फुलं आली, पण मिरच्या लागल्या त्या फिकट पिवळ्या आणि लांबट!

सुरुवातीला प्रत्येकाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. पण सोशल मीडियावर फोटो पडायला लागले आणि कळलं, की हा घोळ ठिकठिकाणी झालाय, तोही वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाकिटांत. लोकांनी या प्रकरणाला नावसुद्धा देऊन टाकलं, 'पेपरगेट'.

आता इतक्या कंपन्यांची एकच चूक कशी होईल? तर पाकिटावरचं नाव वेगळं असलं, तरी आतलं बी अनेकदा मोजक्याच घाऊक उत्पादकांकडून येतं. तिथे एका पोत्याला चुकीची चिठ्ठी लागली, की तीच चूक शेकडो घरांत पोहोचते.

शेजारच्या रोपाचा दोष असतो का?

अनेकांना वाटतं, की बाजूला दुसरी मिरची लावली म्हणून फळ बदललं. तसं होत नाही. फळाचा आकार आणि रंग ठरतो तो आईच्या रोपावरून. दुसऱ्या जातीचे परागकण आले, तर बदल होतो आतल्या बियांमध्ये. तो दिसतो पुढच्या वर्षी, त्या बिया पेरल्यावर. त्यामुळे यंदाच फळ वेगळं आलं असेल, तर गडबड बियाण्यातच होती असं समजा.

आधी फूल बघा

माणसाने लागवडीखाली आणलेल्या मिरच्यांच्या मुख्य प्रजाती पाच. फळं एकमेकांसारखी दिसू शकतात, फुलं मात्र बरंच काही सांगून जातात.

- अॅन्युअम: पांढरं फूल, बहुतेक वेळा एका पेऱ्यावर एकच. ब्याडगी, ढोबळी, जालापेन्यो या सगळ्या यातल्याच.
- चायनेन्स: एका पेऱ्यावर दोन किंवा जास्त फुलं, रंग हिरवट पांढरा. हबानेरो आणि आसाम-नागालँडकडची भूत जोलोकिया या गटातल्या.
- फ्रुटेसेन्स: हिरवट फुलं आणि आभाळाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बारीक मिरच्या. टबॅस्को यातली.
- बॅकाटम: पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळसर-हिरवे ठिपके.
- प्युबेसेन्स: जांभळी फुलं, लव असलेली पानं आणि चक्क काळ्या बिया.

मग फळ बघा

फुलावरून प्रजाती कळते, जात नाही. त्यासाठी फळाकडे वळायचं. कोवळं असताना रंग कोणता, पिकताना कोणता होतो, मिरची लोंबते की उभी राहते, साल गुळगुळीत की सुरकुतलेली, हे टिपून ठेवा. जालापेन्यो आधी हिरवी असते, मग लाल होते आणि तिच्या सालीवर अनेकदा बारीक भुऱ्या रेघा उमटतात. सुरुवातीपासूनच पिवळट असलेली मिरची जालापेन्यो नाही, हे तिथेच कळतं.

पण फोटोवरून सगळंच ठरत नाही. गोडसर बनाना मिरची आणि झणझणीत हंगेरियन वॅक्स दिसायला जवळपास सारख्याच. फरक कळतो तो जिभेवर.

चव घ्यायची, पण बेताने

खरा धोका इथेच आहे. तिखटपणा स्कोव्हिल एककात मोजतात. जालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० पर्यंत जाते, हबानेरो १ लाखाच्या पुढे. २००७ मध्ये भूत जोलोकियाची नोंद गिनीज बुकात झाली, ती १० लाखांहून जास्त एककांची! त्यामुळे अनोळखी मिरची अख्खी चावू नका. टोकाकडचा अगदी बारीक तुकडा आधी चाखा. सगळ्यात जास्त तिखटपणा बियांत नसतो, तर त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात असतो. कापल्यावर हात डोळ्यांना लावू नका. तोंड भाजलंच तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं.

आणि हो, पाकीट फेकू नका. त्यावरचा लॉट नंबर हाच तक्रारीचा पुरावा असतो.

चुकीची चिठ्ठी शास्त्रज्ञांनीही लावली होती!

'चायनेन्स' म्हणजे चीनची. १७७६ मध्ये जॅकिन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही मिरची मूळची चीनची समजून तिला हे नाव दिलं. प्रत्यक्षात सगळ्याच मिरच्यांचं मूळ अमेरिका खंडात आहे. चूक लक्षात आली, पण नाव आजही तेच आहे.

थोडक्यात काय, तर मिरचीच्या बाबतीत चिठ्ठीपेक्षा फुलावर जास्त विश्वास ठेवा.