पिलाआधी त्याची आई पाहावी

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एखाद्या श्वानगृहाच्या फाटकाशी स्कूटर येऊन थांबते. आई-वडील आणि दोघांच्या मध्ये बसलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा. परीक्षेत चांगले गुण मिळाले तर कुत्र्याचे पिलू आणू, असे वचन दिलेले असते व ते पाळण्याचा दिवस उजाडलेला असतो. पाच-सहा पिलांपैकी एक मुलाच्या बुटाची नाडी ओढू लागते आणि निवड तिथेच होऊन जाते. मग किंमत विचारली जाते, थोडी घासाघीस होते. ‘पिलू केवढ्याला?’ हा प्रश्न सर्वांनाच सुचतो. ‘याची आई कुठे आहे?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः या व्यवसायातील बरेवाईट पुष्कळसे या न विचारलेल्या प्रश्नातच दडलेले आहे.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर यांसारख्या शहरांच्या कडेला कुत्र्यांची पैदास करणारी आणि परगावी जाणाऱ्यांची कुत्री सांभाळणारी घरे आहेत. ‘घरे’ हाच शब्द येथे योग्य होय. कारण राहती जागा आणि व्यवसाय यांच्यामध्ये बहुधा भिंत नसते. दिवस उजाडण्यापूर्वीच काम सुरू होते, आणि ते पिलांना कुरवाळण्याचे नव्हे, तर घाण उचलण्याचे असते. कोणाची विष्ठा पातळ आहे, कोणाच्या विष्ठेत जंत दिसतात, कोणी रात्रीचे अन्न तसेच ठेवले आहे, हे सारे त्याच वेळी पाहावे लागते. अनुभवी गृहिणी हाती खराटा असतानाच अर्धी वैद्यकीय तपासणी उरकते. नंतर फरशा धुऊन वाळवणे, खाणे शिजवणे, कान आणि पायांच्या बोटांमधील गोचीड काढणे, एकमेकांशी न पटणाऱ्या कुत्र्यांना आळीपाळीने मोकळे सोडणे, यांत दुपार होते. एखाद्या लग्नाला सारे कुटुंब मिळून गेले, असे या घरांत सहसा घडत नाही. कोणीतरी मागे राहावेच लागते.

खरी कसोटी असते ती विण्याच्या रात्री. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. अखेरच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तिचे तापमान वहीत टिपले जाते. एरवी १०१-१०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असणारा पारा ९९च्या खाली उतरला, की साधारण एका दिवसात ती विणार असे समजायचे. जन्मलेली पिले आंधळी व बहिरी असतात. त्यांना स्वतःच्या शरीराची ऊबही राखता येत नाही. गारठलेल्या पिलाला पाजलेले दूध पचत नाही, म्हणून पेटीवर दिवा टांगून ठेवावा लागतो. आईने पोट चाटल्याखेरीज त्यांना लघवीसुद्धा होत नाही. आई दगावली तर ते काम ओल्या कापसाने माणसाला करावे लागते, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. स्वयंपाकघरातील काट्यावर रोज प्रत्येकाचे वजन होते. ज्याचे वजन वाढत नाही, त्याला भरल्या सडाशी हाताने धरून बसायचे.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून पिलू जगाशी ओळख करून घेऊ लागते. चावा किती जोराने घ्यावा, हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकते. कुकरची शिट्टी, मुलांचा आरडाओरडा, परक्याचा हात यांची भीती ते माणसांच्या वावरात विसरते. घरगुती श्वानगृहाचे महत्त्व नेमके येथे आहे. हे शिक्षण पिंजऱ्यात मिळत नाही, आणि पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेल्या पिलाला ते कुठेच मिळत नाही. पुढे असे पिलू भित्रे किंवा चावरे निघाले, की दोष त्याच्या जातीला दिला जातो.

पैदाशीचे उत्पन्न अनिश्चित, म्हणून अशी घरे दुसऱ्यांची कुत्री सांभाळण्याचे कामही पत्करतात. मे महिन्यात आणि दिवाळीत जागा पुरत नाही. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची लसीकरणाची वही आधी पाहिली जाते, आणि त्यामागे सबळ कारण आहे. १९७८ साली जगभर पसरलेल्या पार्वो या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो व बुटाच्या तळव्यावरूनही पिलांपर्यंत पोहोचतो. म्हणून पाहुण्या कुत्र्यांकडच्या बादल्या, झाडू, चपला, सारेच वेगळे. नवा पाहुणा पहिल्या दिवशी बहुधा अन्नाला तोंड लावत नाही. धन्याची वापरलेली चादर जवळ ठेवली, की थोडा निवतो. फटाक्यांच्या रात्री तर रेडिओ मोठ्याने लावून कोणीतरी त्यांच्यापाशी बसून राहते. क्वचित म्हाताऱ्या कुत्र्याला सोडून गेलेला मालक परत फिरकतच नाही. त्या कुत्र्याचा खर्च कोणत्याच हिशेबात धरलेला नसतो.

एवढे सारे केल्यावर हाती फारसे काही उरत नाही. साहजिकच ज्याला चटकन पैसा हवा, तो आडवाट धरतो. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. प्रत्येक माजाला तिला फळवली, पिले लवकर तोडून दलालाच्या हवाली केली, लस वाचवली, की नफा दिसू लागतो. ही किंमत मोजते ती मागील बाजूच्या पिंजऱ्यातील कुत्री. आणि तिला गिऱ्हाईक कधीच पाहत नाही.

हे रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री १८ महिन्यांची होण्यापूर्वी फळवू नये. वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत. आठ आठवड्यांखालील पिलू विकू नये. नियम उत्तम आहेत. तथापि ज्या १९६०च्या कायद्याच्या आधारे ते झाले, त्या कायद्याने क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला कमाल दंड ५० रुपये होता. एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटावा? शिवाय प्रत्येक परसात डोकावणारा निरीक्षक कुठून आणणार?

तेव्हा खरा निरीक्षक गिऱ्हाईकच होय. दुर्दैवाने तो हौसेच्या लाटेवर वाहत जातो. २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि घरोघरी पगची मागणी झाली. त्या चपट्या नाकाने आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणे किती कष्टाचे, याचा विचार फारसा कोणी केला नाही. उलट ज्याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघाले, तो मुधोळचा, म्हणजे आपल्या खेड्यांतून कारवानी म्हणून ओळखला जाणारा शिकारी कुत्रा, शहरी मंडळींना आजही फारसा परिचित नाही. अर्थात अभिमानापोटी तो दोन खोल्यांत आणून बांधणे हाही अन्यायच. त्याला धावायला रान हवे. ‘हे कुत्रे तुमच्या घरासाठी नव्हे,’ असे सांगून आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा पैदासकार म्हणूनच विश्वासाचा समजावा.

चांगल्या श्वानगृहात प्रश्न दोन्हीकडून विचारले जातात. दिवसा घरी कोण असते? घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय? मुलगा शिकायला परगावी गेला, की याला कोण फिरवणार? कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. आज नाडी ओढणारे पिलू मुलगा पदवीधर होईतो म्हातारे झालेले असेल. हे प्रश्न ऐकून रागावण्याचे कारण नाही. आणि आपणही पिलू उचलण्यापूर्वी त्याची आई पाहण्याचा आग्रह धरावा. ती अंगाने भरलेली आहे काय, हाक मारताच शेपूट हलवीत येते काय, की माणूस दिसताच कोपऱ्यात अंग चोरते, हे पाहण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही. आई दाखवण्यास कोणी टाळाटाळ करू लागला, तर मुलाची समजूत घालून स्कूटर मागे वळवावी. मुलगा थोडा वेळ रडेल. पण असे रिकाम्या हाताने परतणारे वाढले, तरच मागच्या पिंजऱ्यांतील आयांची सुटका होईल.