महाग पेट्रोल घ्यावं का?

‘साधं की प्रीमियम?’ पंपावरच्या या प्रश्नाचं उत्तर ऑक्टेनमध्ये आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमधल्या दाबाखाली अवेळी न पेटण्याची इंधनाची क्षमता. इंधन अवेळी पेटलं, की घाट चढताना इंजिनातून टकटक ऐकू येते. म्हणूनच जास्त दाबाच्या, काही टर्बो इंजिनांना वरचं ऑक्टेन लागतं.

बीएस-6 या प्रदूषण-मानकांनुसार साध्या पेट्रोलचं ऑक्टेन 91 होतं. 20 टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे ते 95 झाल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये सांगितलं. त्यामुळे प्रीमियम 95 चं वेगळेपण उरतं ते मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांपुरतं. नुसतं ऑक्टेन वाढवून साध्या गाडीचं मायलेज सहसा वाढत नाही.

टाकीच्या झाकणाची आतली बाजू आणि गाडीचं माहितीपुस्तक पाहा. तिथे लिहिलंय तेच पेट्रोल भरा.