पारशिवनीच्या वाटेवरचा पाद्री

कामठी सोडून कन्हानचा पूल ओलांडला की पारशिवनी तालुका लागतो. बाहेरच्यांना तो ठाऊक असतो कोलितमाऱ्यातून दिसणाऱ्या पेंचच्या जंगलामुळे, नाहीतर नवेगाव खैरीच्या धरणामुळे. जाहिरातीत वाघ झळकतो. त्याच जंगलाकाठी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या गोंडांच्या वाट्याला फार तर एखादे नृत्याचे छायाचित्र येते. या समाजाचे देव, कुळकथा आणि गाणी आस्थेने टिपून घेणाऱ्या पहिल्या काही जणांत एक होता स्कॉटलंडचा पाद्री. 1845 साली स्टीफन हिस्लॉप नागपूर-कामठी भागात आला. शाळा काढावी, ख्रिस्ताचा संदेश सांगावा, हे त्याचे नेमलेले काम. गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याचे त्याने जमवलेले गीत मात्र त्या कामात बसणारे नव्हते. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तोंडाशी धोंडा लोटला. त्यांना सोडवायला लिंगोने तप मांडले, तर महादेवाने बिंदो पक्ष्याची काळी पिल्ले मागितली. पिल्लांवर टपलेल्या नागाला लिंगोने बाणाने मारून त्याचे सात तुकडे केले, आणि उपकार फेडायला पक्षीच त्याला पाठीवर घेऊन उडाला. परधानांच्या, म्हणजे गोंडांच्या भाटांच्या, तोंडून चालत आलेली ही कथा, एकाही ओळीत बायबल न घुसवता, हिस्लॉपच्या कागदांत उतरली.

त्याला सहिष्णू म्हटले की आक्षेप ठरलेला: पाद्री आला तो धर्म बदलायलाच. ते खरेच आहे. एका विद्यार्थ्याच्या बाप्तिस्म्यावरून भोसल्यांच्या दरबाराशी त्याचा तंटा झाला होता, आणि मोफत शिकवण्यामागचा हेतू पालकांना कळत नव्हता असेही नाही. आदिवासींकडे वरून पाहण्याची त्या काळची खोड त्याच्याही लिखाणात आहे. पण दुसऱ्याचा देव खोटा मानणाराही त्या देवाची कथा मोडतोड न करता लिहून ठेवतो, तेव्हा ती सहिष्णुता प्रवचनातल्या गोडव्यापेक्षा जास्त कसाची असते. शेजारधर्माला एकमत लागतेच कुठे? शिवाय या कथेतून कुणी ख्रिस्ती होण्याची शक्यता नव्हती; म्हणजे हा खटाटोप निव्वळ कुतूहलाचा आणि आदराचा. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, 4 सप्टेंबर 1863 रोजी, बोरीजवळ ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने 1866मध्ये छापले. 1883पासून त्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, पण तिथल्या बहुतेक पोरांना हिस्लॉप म्हणजे प्रवेशयादी एवढेच माहीत. छापील गीतात गोंडी शब्दांखाली इंग्रजी अर्थ आहे. पारशिवनीच्या शाळांत ते गोंडी-मराठीत वाचायला मिळण्यात अडचण पैशाची कमी, इच्छेची जास्त दिसते.