हुक नॉर्टनचा मनोरा आणि पिंपातील एल

ऑक्सफर्डशायरमधील हुक नॉर्टन या खेड्यात १८४९ साली जॉन हॅरिसने स्थापिलेली आणि अद्याप कुटुंबाच्याच वहिवाटीत राहिलेली ही बिअर गाळण्याची भट्टी पाहावयास जाणाऱ्याने प्रथम तिच्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहावे. कारण पाणी व धान्य एकदा माथ्यावर चढविले की पुढील सारा प्रवास, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या सातूचा अर्क, हॉप्सच्या फुलांसह त्याची उकळी, मग किण्वन, मजल्यामजल्याने गुरुत्वाकर्षणाच्या स्वाधीन करण्याची तजवीज व्हिक्टोरियन स्थापत्यविशारदाने येथे केली आहे. मालाची ने-आण करणारे धिप्पाड शायर घोडे हे केवळ शोभेचे नव्हेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

बर्फगार बिअरला सरावलेल्या जिभेला पहिला घोट कोमट वाटेल. पण पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी ही एल जातीची बिअर ११ ते १३ अंश सेल्सिअसला, बाहेरून वायू न भरता, हातपंपाने ओढून देण्याचा शिरस्ता आहे, आणि याहून थंड केल्यास तिचा सुगंध मुका होतो. आरंभ ३.५ टक्के मद्यार्काच्या सौम्य ‘हुकी’ने करावा, ४.६ टक्क्यांची, तांबूस-तपकिरी ‘ओल्ड हुकी’ मागाहून घ्यावी, प्याला उजेडासमोर धरावा, फेस किंचित ओसरू द्यावा, मगच मनुकांची आठवण देणारा तिचा गोडवा आणि पाठोपाठ येणारा कडवटपणा वेगवेगळे कळतात.

पिंपातील एल नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून काढलेले द्रव्य वापरण्याची इंग्लंडमध्ये जुनी चाल असल्याने शाकाहारी पाहुण्याने पहिल्या घोटापूर्वीच खातरजमा करून घ्यावी.