मागील पुराची खूण ही मर्यादा नव्हे

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा घाटमाथा असून पूर्वेस कृष्णाकाठची सपाट काळी जमीन पसरली आहे. घाटमाथ्यावरील गगनबावडा येथे वर्षाकाठी सर्वसाधारणपणे ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; पूर्व टोकाच्या शिरोळ तालुक्यात त्याचा सुमारे दहावा हिस्साच पडतो. तरीही महापुराच्या वेळी सर्वांत अधिक दिवस पाण्यात राहणाऱ्या गावांत शिरोळ तालुक्यातील गावे असतात. याचा अर्थ असा की, या जिल्ह्यात पाऊस एका ठिकाणी पडतो आणि पूर दुसऱ्या ठिकाणी येतो. ‘आपल्या गावी ऊन पडले आहे, तेव्हा पाणी वाढणार नाही’ हा समज म्हणूनच नदीकाठच्या गावाला घातक ठरतो.

पाणी कसे चढते

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा बनते. ही नदी कोल्हापूर शहरावरून पूर्वेस जाऊन नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. तत्पूर्वी कृष्णेने कराड येथे कोयनेचे व सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेचे पाणी घेतलेले असते. अशा रीतीने निरनिराळ्या खोऱ्यांतील पाणी एकाच सखल पट्ट्यात येऊन पोहोचते.

या पट्ट्यात नदीच्या पात्राला उतार फार थोडा आहे. कृष्णा दुथडी भरली म्हणजे पंचगंगेच्या पाण्यास पुढे वाट मिळत नाही. ते मागे साचू लागते, ओढ्यांतून उलटे शिरते व शिवारात पसरते. यासच फुगवटा म्हणतात. त्यातच घाटमाथ्यावरील धरणे भरली म्हणजे त्यांचा विसर्ग नदीत येतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तर जलाशय पूर्ण भरताच पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी धरणे रिकामी असता पडलेला पाऊस आणि ती भरल्यावर पडलेला तितकाच पाऊस यांचा परिणाम सारखा होत नाही. फुगवट्याचे पाणी ओसरण्यासही वेळ लागतो. पाऊस थांबल्यावरही ते कित्येक दिवस घरांत व पिकांत उभे राहते.

जुन्या खुणेवरचा विश्वास

नदीकाठच्या प्रत्येक गावात मोठ्या पुराची खूण सांगितली जाते. देवळाची अमुक पायरी, शाळेची अमुक खिडकी, वेशीजवळचा अमुक वड, या खुणा वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. त्या मोलाच्या आहेत यात शंका नाही. परंतु त्यांचा उपयोग कसा होतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

२००५ सालच्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी जवळजवळ ५४ फुटांवर गेली होती. तेव्हा ज्या घरांच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही, त्या घरांतील अनेक कुटुंबांनी पुढील चौदा वर्षे तो उंबरा सुरक्षित मानला. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथेच पाणी सुमारे ५७ फूट ६ इंचांवर गेले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने त्या वेळी ५५ फुटांची पातळी ओलांडली. ‘२००५ साली पाणी आले नाही, आताही येणार नाही’ असे म्हणून घरी थांबलेली माणसे माळ्यावर व छपरावर अडकली आणि त्यांना नावांतून बाहेर काढावे लागले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली नाव उलटली व अनेकांचा जीव गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ५६ फुटांच्याही वर गेले आणि कोल्हापुरात २०१९ ची खूणसुद्धा मागे पडली.

मागील पूर आपणास पाणी कोठपर्यंत आले होते एवढेच सांगतो. यापुढे कोठपर्यंत येईल हे तो सांगू शकत नाही. म्हणून जुन्या खुणेच्या आतील घरे तर हलवावीतच, परंतु तिच्या वरच्या अंगास असलेल्या वस्तीनेही आपली तयारी ठेवली पाहिजे.

आकड्याचे गावच्या भाषेत रूपांतर

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानलेली आहे. आयर्विन पुलाजवळ हेच आकडे अनुक्रमे ४० व ४५ फूट आहेत. पावसाळ्यात हे आकडे घरोघरी ऐकू येतात. पण तेवढ्या पाण्याने आपल्या गावात काय होते, हे ठाऊक नसेल तर केवळ आकड्याचा उपयोग होत नाही. धरणातून विसर्ग किती क्युसेक आहे हेही सांगितले जाते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पावसाळ्यापूर्वी सरपंच, पोलीस पाटील व जाणत्या शेतकऱ्यांस एकत्र बसवून एक तक्ता तयार करावा. जवळच्या मोजणी ठिकाणी पाणी अमुक फुटांवर असता गावचा कोणता ओढा भरतो, कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या गल्लीत प्रथम पाणी येते आणि मोजणी ठिकाणचे पाणी गावात जाणवण्यास किती तास लागतात, हे त्यात लिहावे. २००५, २०१९ व २०२१ च्या खुणा भिंतीवर रंगाने कायम कराव्यात. शिरोळसारख्या खालच्या भागातील गावांनी पंचगंगेबरोबरच कृष्णेची पातळी आणि कोयना व वारणा धरणांचा विसर्गही पाहावा. हा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा व भ्रमणध्वनीवरून प्रत्येक घरी पोहोचवावा. गाव सोडण्याचा शेवटचा सुरक्षित रस्ता कोणत्या पातळीस बंद होतो, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ होय. त्या पातळीपूर्वी निघाल्यास माणसे व जनावरे पायी जाऊ शकतात. त्यानंतर नावेची वाट पाहावी लागते.

कामांचा क्रम

पावसाळ्यापूर्वी : जनावरांस घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी टोचून घ्याव्यात आणि कानातील बिल्ले तपासावेत. कडबा व सुकी वैरण उंच जागी रचावी. जमिनीचे उतारे, बँकेची पुस्तके, शिधापत्रिका व औषधांच्या चिठ्ठ्या एका जलरोधक पिशवीत ठेवाव्यात. वृद्ध, आजारी, अपंग व गरोदर स्त्रिया यांची गल्लीवार यादी करून प्रत्येकास कोणी न्यावयाचे हे नावानिशी ठरवावे.

नदी चढू लागताच : काठावरील मोटार, पंप व स्टार्टर काढून घ्यावेत. हे काम वीजपुरवठा बंद करून आणि पाणी काठाच्या आत असतानाच उरकावे. चढत्या पाण्यात मोटारीसाठी उतरणे म्हणजे यंत्राकरिता जीव पणास लावणे होय.

इशारा पातळीस : जनावरे प्रथम हलवावीत. पुष्कळ कुटुंबे घर सोडण्यास तयार नसतात, त्याचे कारण बहुधा गोठ्यातील जनावर असते. दुभती म्हैस किंवा बैलजोडी मागे ठेवून घरधनी निघत नाही, आणि त्याच्यासाठी घरची माणसे थांबतात. म्हणून उंचावरील छावणीची जागा, तेथील पाणी, वैरण व राखण यांची व्यवस्था ग्रामपंचायतीने आधीच केली, तर माणसांचे स्थलांतर सुकर होते. प्रत्येक गल्लीतील दोन माणसे छावणीत राहतील असा पाळीचा क्रम ठरवावा. काही कारणाने जनावर मागे राहिलेच, तर त्याचे दावे सोडावे. दावणीस बांधलेले जनावर पोहून जीव वाचवू शकत नाही.

धोका पातळीपूर्वी : यादीतील वृद्ध व आजारी यांनी गाव सोडलेले असावे. इतरांनी धान्य माळ्यावर ठेवून, विजेचा मुख्य खटका व गॅस बंद करून निघावे. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील लहानथोरांस पाठ असावा. नावेत बसण्याचा प्रसंग आल्यास ठरलेल्या संख्येहून एकही माणूस अधिक घेऊ नये.

पाणी ओसरल्यावर

पाणी उतरताच घरी धाव घेणे स्वाभाविक असले तरी धोका तेव्हाही संपलेला नसतो. मातीच्या भिंती पाण्याने मऊ झालेल्या असतात व उन्हाने वाळू लागल्यावर अकस्मात ढासळतात. भिंती तपासल्याखेरीज आत निजू नये. अडगळीत साप आश्रयास आलेले असतात. तेथे काठीने चाळवून मगच हात घालावा. भिजलेली वीजजोडणी जाणकाराने पाहिल्याखेरीज सुरू करू नये. विहिरीचे पाणी उपसून शुद्ध करून घ्यावे व पिण्याचे पाणी उकळावे. चिखलात काम केल्यानंतर ताप आल्यास तो अंगावर न काढता आरोग्य केंद्रात दाखवावे, कारण लेप्टोस्पायरोसिसचा आरंभ साध्या तापासारखाच असतो.

ऊसपिकात चर काढून साचलेले पाणी त्वरित बाहेर काढावे. शेंडा पाण्याच्या वर राहिलेला ऊस बहुधा सावरतो. शेंड्यात गाळ बसून तो कुजला असेल तर वाढ थांबते, डोळ्यांतून पांगशा फुटतात व वजन घटते. असा ऊस लवकर तोडला जावा म्हणून कारखान्यास वेळीच कळवावे. सोयाबीन व भुईमूग यांस साचलेले पाणी फार काळ सोसत नाही. ज्याची काही जमीन उंचावर आहे त्याने ही पिके तेथे घ्यावीत. नुकसानीची छायाचित्रे काढून पंचनाम्याच्या वेळी स्वतः शेतावर हजर राहावे.

महापूर अडविणे एका गावाच्या हाती नाही. परंतु घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खालच्या गावात पोहोचेपर्यंत जो अवधी मिळतो, तो मात्र गावाच्या मालकीचा असतो. पाणी कोठपर्यंत येईल याविषयी पारावर वाद घालण्यात तो खर्च झाला, तर शेवटी उरते ते छप्पर आणि नावेची प्रतीक्षा. तोच अवधी ठरलेल्या क्रमाने कामी लावला, तर पाणी पूर्वीच्या खुणेच्या वर चढले तरी त्याला घरे रिकामी सापडतील. माणसे व जनावरे उंचावर सुखरूप असतील.