उष्णतारोधक लेपांतील अवशिष्ट प्रतिबल

उष्णतारोधक लेपांतील अवशिष्ट प्रतिबल : बाहेरून कोणताही भार नसताना पदार्थात जे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणा) उरते, त्यास अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. झोत एंजिने व वायू टरबाइने यांच्या पात्यांवरील मृत्तिका लेपांचे आयुष्य बव्हंशी या प्रतिबलावर अवलंबून असते.

रचना : पात्याच्या निकेल मिश्रधातूवर प्रथम ॲल्युमिनियमयुक्त बंधक थर व त्यावर झिर्कोनियाचा थर देतात. झिर्कोनियात वजनी ६ ते ८ टक्के इट्रिया मिसळल्यास लेप सर्वांत टिकाऊ ठरतो, असे स्टीफन स्टेक्युरा यांनी १९७०–८० या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ‘नासा’ संस्थेत दाखविले. वापरात बंधक थराचे ऑक्सिडीभवन होऊन दोन्ही थरांमध्ये ॲल्युमिनाचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा तयार होतो.

कारणे : प्लाझ्मा (आयनद्रायू) फवारणीत वितळलेले कण पृष्ठावर आदळून क्षणार्धात घट्ट होतात. त्यांच्या आकुंचनास खालचा पृष्ठ विरोध करतो, म्हणून त्यांत ताण निर्माण होतो. नंतर सर्व भाग थंड होताना प्रसरण गुणांकांतील फरक प्रभावी ठरतो. दर अंश सेल्सिअसला हा गुणांक मिश्रधातूसाठी सु. १५ × १०⁻⁶, झिर्कोनियासाठी सु. ११ × १०⁻⁶ व ॲल्युमिनासाठी सु. ८ × १०⁻⁶ असतो. धातू अधिक आकुंचन पावत असल्याने वरचे थर दाबले जातात. ॲल्युमिनाच्या पापुद्र्यातील दाब सामान्य तापमानास कित्येक अब्ज पास्काल भरतो.

परिणाम : दाबामुळे लेपास उभे तडे जाण्यास काही अंशी प्रतिबंध होतो. तथापि थरांची सीमा खडबडीत असल्यामुळे उंचवट्यांवर तिला लंब दिशेने ताण येतो व सीमेलगत आडवे तडे पडतात. एंजिन वारंवार तापून थंड होताना हे तडे एकमेकांस मिळतात, लेप फुगतो व त्याचे पोपडे सुटतात. उघड्या पडलेल्या धातूभोवतालच्या वायूचे तापमान धातूच्या वितळबिंदूहूनही अधिक असू शकते. लेपात साठणारी ऊर्जा जाडीच्या व प्रतिबलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे जाड लेप उष्णता अधिक रोखतो, पण सुटण्याचा धोकाही वाढवितो.

नियंत्रण व मापन : लेपातील छिद्रे व सूक्ष्म तडे हे सर्वस्वी दोष नव्हेत. त्यांच्यामुळे लेप लवचिक राहतो व प्रतिबल कमी होते. इलेक्ट्रॉन शलाकेने बाष्पीभवन करून दिलेल्या लेपातील स्तंभाकार कण एकमेकांपासून किंचित विलग होऊ शकतात, म्हणून विमानांच्या पात्यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. मात्र हवेतील वाळू वा ज्वालामुखीची राख वितळून या फटींत शिरल्यास लेप ताठर बनतो व थंड होताना लवकर निखळतो.

प्रतिबल क्ष-किरण विवर्तनाने किंवा लेपित पट्टीच्या वक्रतेवरून मोजतात. ॲल्युमिनातील क्रोमियम आयन लेसर प्रकाशात अनुस्फुरित होतात. त्यांच्या वर्णरेषांच्या सरकण्यावरून पापुद्र्यातील प्रतिबल लेप न काढताही अजमावता येते.