हेवी रॉकचे अंगुस्तान

जुन्या गवयांच्या आठवणी निघाल्या की आपल्याकडे तंबोरा, पगडी, पानाचा डबा ह्या वस्तू पुढे येतात. हेवी रॉक ह्या कानठळ्या बसविणाऱ्या संगीताच्या प्रारंभकाळाची एकच वस्तू निवडा म्हटले, तर आम्ही गिटार निवडणार नाही. प्लॅस्टिकचे एक अंगुस्तान निवडू.

हे संगीत ज्या थोड्या ठिकाणी घडले, त्यांत इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर प्रमुख होय. तेथे 1965 साली टोनी आयोमी हा 17 वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या व तिसऱ्या बोटाची टोके तुटली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका उजवा! तो खचलेला पाहून कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. 1928 सालच्या आगीत ह्या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली होती, तरी तो जगन्मान्य झाला होता.

टोनीने भांडी धुण्याच्या द्रव साबणाची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या व त्यांवर जाकिटाचे चामडे चिकटविले. परंतु टोपीखालच्या बोटाला तारेचा स्पर्श कळत नाही, आणि जाड तार दाबताना दुखते. म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा चढविल्या. पुढे 1971च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधील काही गाण्यांसाठी वाद्य तीन अर्धस्वरांनी उतरविले. तार ढिली केली की ती दाबायला हलकी जाते, आणि तिचा नादही खाली उतरतो. तो खर्ज नाद ध्वनिवर्धकातून फाटेपर्यंत वाढविला की जो भार कानावर येतो, त्याचेच पुढे शेकडो वादकांनी अनुकरण केले. दहाही बोटे शाबूत असलेल्यांनी!

टोनीच्या ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या चौघांच्या संचाने पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर 1969मध्ये जवळजवळ एका दिवसात उरकली. ती 13 फेब्रुवारी 1970 रोजी निघाली. तिच्या पहिल्या गाण्यात षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम असे तीनच टप्पे आरंभी येतात. हा मध्यम आपल्याला परका नाही, यमनात तो नित्य भेटतो. तेथे तो पंचमाकडे निघालेला असतो. येथे मात्र तो जागच्या जागी थरथरत राहतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात भय उभे राहते.

कामगारांच्या पोरांचा हा गोंगाट शहराचा वारसा ठरायला चाळीस वर्षे लागली. 2011 व 2019 साली बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात ह्या संगीताची प्रदर्शने भरली. त्यांत चाहत्यांनी घरी जपलेल्या वस्तूंनाही जागा मिळाली, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. कारण ह्या काळाचे दप्तर कोणत्याही कचेरीने ठेवलेले नाही. ते लोकांच्या कपाटांत होते. वास्तूंचे नशीब मात्र तितके चांगले नाही. संच ज्या ‘क्राउन’ मद्यगृहात आरंभी वाजवीत असे, ते 2014 साली बंद पडले.

5 जुलै 2025 रोजी मूळचे चौघे त्याच शहरातील व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र वाजविते झाले. गायक ऑझी ऑस्बोर्न आसनावर बसूनच गायिला. 22 जुलैला तो वारला, आणि संचाचे नाव दिलेल्या पुलावरच्या बाकाभोवती लोकांनी फुलांचे ढीग घातले.